फोन विश्रामकडे राहील

मी, सीताराम धाकू गमरे, वय अडुसष्ट, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, पण कायद्याला डोके पुरते, असे वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायचा प्रयत्न झाला, त्याचे पुढे येईलच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझी पत्नी भीमाबाई चार वर्षांपूर्वी वारली. मला दोन मुले. थोरला जगन, तो सून मंजुळासह माझ्याजवळ राहतो. धाकटी कांता. कांता कुठे आहे ते मला माहीत नाही. हा कागद मुख्यतः तिच्यापायी लिहीत आहे, म्हणून तिचे नाव आधीच घालून ठेवतो.

कलम पहिले, जागा. सोसायटीतली पहिल्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर मी माझ्या कमाईने घेतले. ते जगन आणि कांता यांना निम्मे निम्मे. कांताच्या सहीशिवाय जागा विकता येणार नाही. जगनने कोपरला, डोंबिवली पश्चिमेला, ब्लॉक बुक केला आहे आणि ही जागा विकून तिकडे भरणा करायचा त्याचा बेत आहे. रोज जेवताना तोच विषय. जगन, तुझ्या ब्लॉकला माझी ना नाही. खाडीचा वारा खा, सुखाने राहा. पण बहिणीचा वाटा विकून नको.

बहिणीचे काय झाले, ते बाहेरच्यांना कळावे म्हणून लिहितो. कांताला भुसावळला दिली होती. नवरा हात उगारायचा. त्र्याण्णव साली माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले, भीमा दवाखान्यात माझ्या उशाशी होती, आणि त्याच वेळी कांता एक पिशवी घेऊन घरी आली. जगनने तिला उंबऱ्यावरच अडवले. म्हणाला, "लग्न लावून दिलंय ना तुझं? मग इथे कशाला आलीस? ही काय धर्मशाळा आहे?" ती म्हणाली, "बाबांना भेटते आणि जाते." तर म्हणाला, "त्यांना त्रास द्यायचा नाही. आल्या पावली परत जा." शेजारच्या शांताबाई गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांनी हे सगळे ऐकले. मला घरी आल्यावर कळले. टाके ओले असताना मी भुसावळ गाठले. ती तिथे परत गेलीच नव्हती. मनमाडला विचारले, नाशिकला विचारले, पोलिसांत नाव दिले. काही हाती लागले नाही. कांता हट्टी आहे, माझ्यावर गेली आहे. ज्या दारातून घालवली त्या दारात ती स्वतःहून यायची नाही. पत्रही टाकायची नाही, कारण ते जगनच्या हाती पडेल.

कलम दुसरे, वस्तू. रंगीत टीव्ही सून मंजुळाला. केबल आल्यापासून इतके चॅनल झालेत की कोणी धड काही बघत नाही, नुसते रिमोट दाबत बसतात. काळा-पांढरा होता तो बरा होता, बातम्या झाल्या की गप्प बसायचा. पण मंजुळाने आजारपणात माझे सगळे केले, माझ्या दुखवट्यातसुद्धा तिची मालिका चुकू नये. मिक्सर शांताबाईंना. भीमा त्याला हात लावत नसे. "त्यात वाटलं की खोबरं नुसतं तापतं," म्हणायची आणि पाट्यावर बसायची. रेडिओ-टेपचा टू-इन-वन आपल्या बुद्धविहाराला. जयंतीला आवाज फाटेपर्यंत लावू नये आणि त्याचे हेड स्पिरिटने पुसावे, रॉकेलने नव्हे. माझे पाने, कानशी आणि व्हर्निअर जगनला. तो कॉम्प्युटरवर बसतो, त्याला त्यांचा उपयोग नाही. तरी बापाची हत्यारे मुलाकडेच असावीत.

फोनला लावायचे ते बोलके यंत्र जगनने मित्राकरवी दुबईहून मागवले होते. ते कपाटावर आहे, त्याने घेऊन जावे. फोन आला की ते इंग्रजीत सांगते, आम्ही घरी नाही. अरे, मी घरीच असतो! दुसरीकडे जातो कुठे?

कलम तिसरे, फोन. हे नीट वाचावे.

टेलिफोनसाठी मी चौऱ्याऐंशी साली अर्ज केला आणि एक्याण्णवमध्ये तो घरात आला. कांताने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. मजल्यावर तो एकच, म्हणून सगळ्यांच्या अर्जांवर आणि लग्नपत्रिकांवर आमचा नंबर आणि पुढे पी.पी., म्हणजे शेजाऱ्याकडचा फोन. शेजाऱ्याचा फोन आला की जो जवळ असेल त्याने उचलायचा, "पाच मिनिटांनी करा, बोलावून ठेवतो" म्हणायचे, ठेवून द्यायचा आणि गॅलरीतून हाक मारायची. बूथवरून बोलणाऱ्या बाहेरगावच्या माणसाचे मीटर उगाच पळू नये, एवढाच हेतू. चांगली रीत होती. तीच माझ्या मुळावर उठली.

कांता गेल्यावर काही महिन्यांनी मुके फोन सुरू झाले. मी हॅलो म्हणतो, पलीकडे श्वास, मागे रस्त्यावरचे हॉर्न, मग फोन ठेवला जातो. जगन म्हणतो, "बाबा, ब्लँक कॉल सगळ्यांकडे येतात. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या पोरीसाठी कोणीतरी टवाळ करत असेल." असेल. मलाही कधी कधी तसेच वाटते. पण भीमा गेल्यानंतर जो फोन आला, त्यावर मी सांगितले, "कांता, तुझी आई गेली गं." टवाळ असता तर हसला असता. पलीकडे कितीतरी वेळ फोन कोणी ठेवलाच नाही. जगनने मग सुचवले की पोलिसांत तक्रार द्या, एक्स्चेंजवाले माग काढतात. मी माझ्या मुलीवर छळाची तक्रार करू?

आता विश्राम तांडेल. हा चेंदणी कोळीवाड्यातून आमच्या शेजारच्या खोलीत आला तो कांता गेल्यानंतर, तिला तो ओळखत नाही. गेल्या वर्षी एका रविवारी मी खाली औषध आणायला गेलो होतो, दार उघडेच होते. फोन वाजला म्हणून विश्रामने उचलला. एक बाई बोलली, "बाबा आहेत का?" त्याने रीतीप्रमाणे सांगितले, "खाली गेलेत, ताई. एसटीडीवरनं बोलताय ना? पाच मिनिटांनी करा, मी बसवून ठेवतो. कोण म्हणून सांगू?" ती म्हणाली, "त्यांना कळेल."

मी येऊन बसलो. उठलो नाही, जेवलो नाही. फोन आला नाही. मी विश्रामला नाही नाही ते बोललो. "अरे, धरून ठेवता येत नव्हता? मीटर काय तुझ्या बापाचं पळत होतं?" तो मान खाली घालून म्हणाला, "काका, मी तिच्याच पैशाचा विचार केलेला." तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. त्याची बायको बोंबलाचे कालवण आणून दारात ठेवते. ते मी खातो, पण बोलत नाही.

तरीही फोन विश्रामला देत आहे. या बिल्डिंगमध्ये कांताचा आजचा आवाज ऐकलेला तो एकटा माणूस आहे. त्या रविवारनंतर फोन वाजला की तो ओल्या अंगाने पळत येतो, मी दार लोटून घेतले तरी बाहेर उभा राहून विचारतो, "काका, तिचा का?" आणि तो इथून हलणार नाही. जगन हलणार आहे. जगन म्हणतो, "कोपरला नवा नंबर लगेच मिळतो. पुढे इंटरनेट येणार, पत्रंसुद्धा वायरीतून जाणार. नंबर-बिंबर कोण पाठ ठेवतो?" कांता ठेवते. मागे एक्स्चेंजने नंबरापुढे एक आकडा वाढवला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. मी स्वतः बूथवर जाऊन जुना नंबर फिरवून पाहिला, टेपवरची बाई नवीन आकडा सांगत होती, तेव्हा कुठे धीर आला. पण आपणच फोन टेलिफोन खात्याला परत केला तर ती बाई एवढेच सांगेल की हा नंबर अस्तित्वात नाही.

म्हणून, फोन विश्रामच्या नावावर करावा आणि त्याच्या खोलीत ठेवावा. जागेची एक किल्लीही त्याच्याकडे द्यावी. नंबर बदलू नये, परत करू नये, दुसऱ्या गावी नेऊ नये. खात्याच्या नियमात नाव बदलणे बसत नसेल तर नाव जगनचे, पण फोन विश्रामच्या खोलीतच. बिल पोस्टातल्या माझ्या ठेवीच्या व्याजातून भरावे. डायलला कुलूप लावू नये. कॉर्डलेस घेऊ नये, त्यात खरखर येते, श्वास ऐकू येत नाही.

जगन, याला कोर्टात आव्हान देऊ नकोस. तू माझा मुलगा आहेस, रात्री-अपरात्री डॉक्टर आणलास, मी विसरलो नाही. पण माझा तुझ्यावर राग आहे आणि तो माझ्याबरोबर जाईल असे वाटत नाही. माझ्या मागे पुण्यानुमोदन होईल, तेव्हा सगळ्यांसमोर बहिणीचे नाव घे. तेवढे केलेस तरी पुष्कळ.

कलम चौथे. विश्राम, हे तुला. तुझ्याशी बोलत नाही म्हणून लिहितो.

मुका फोन आला तर ठेवायचा नाही. हॅलो हॅलो ओरडायचे नाही. तू बोलत राहा. बाजारात काय मासळी आली, नळाला पाणी किती वाजता येते, काहीही सांग. ती दुसरीच कोणी निघाली तर निघू दे, आपले काय जाते? आणि तिने तोंड उघडले, बाबा आहेत का म्हणाली, तर पाच मिनिटांनी करा म्हणू नकोस. खोटेही बोलू नकोस. आधी विचार, बूथमध्ये बसायला स्टूल आहे का. नसेल तर फोन बूथवाल्याकडे द्यायला सांग आणि त्याला म्हण, भाऊ, ताईला बसायला दे. ती बसली की सांग, बाबा गेले. सांग, अर्धी जागा तुझी आहे, किल्ली माझ्याकडे आहे, दार मी उघडतो, तुला कोणी अडवणार नाही. ती रडेल. रडू दे. मीटर पळू दे, विश्राम. ती ठेवत नाही तोवर तू फोन ठेवू नकोस.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून विश्रामची सही घेतली नाही. मिक्सरपायी शांताबाईही बाद होत होत्या. त्या म्हणाल्या, "मला नको तो मिक्सर, माझं नाव साक्षीत घाला." मिक्सर मंजुळाला.

सही: सीताराम धाकू गमरे

साक्षीदार:
१. शांताबाई गणपत साळवी, शेजारी
२. कुंडलिक भागोजी तांबे, चिटणीस, विहार समिती

स्थळ: कोपरी, ठाणे (पूर्व)
दिनांक: १२ जुलै १९९८