फळी आत ढकलते

मंगळवार, ता. ९, दुपार

चि. पंतोजी यांस,

ताईचा आशीर्वाद आणि एक चापट. तुझ्या पाकिटात खुशालीची जेमतेम एक ओळ, आणि धड्याची पानंच्या पानं! इकडे सगळं ठीक. जत्रेच्या नव्या मैदानावर आलो, आपली 'मौत का कुआँ'ची लाकडी विहीर उभी राहिली, शनिवारी पहिला खेळ. माझी मोटरसायकल खोकते आहे, मी नाही.

तुझ्या पाठ्यपुस्तकासाठी दाखला हवा म्हणतोस. 'अभिकेंद्री' हा शब्द आधी मोठ्याने वाचून बघितला, जीभ अडखळली. मूळ 'सेंट्रिपीटल' हा शब्द लॅटिनमधल्या 'केंद्र' आणि 'शोधणं, रोख धरून जाणं' या दोन शब्दांतून जुळवला, आणि तोही 'केंद्रापासून पळणारं' हा शब्द आधीच होता म्हणून त्याच्या जोडीला, हे तू छान सांगितलं आहेस. म्हणजे लोकांना पळणं आधी सुचलं. साहजिक आहे म्हणा. उभ्या भिंतीवर गाडी फिरवताना मलाही रोज वाटतं की कुणीतरी बाहेर भिरकावतंय. पण भिरकावत कुणीच नाही. गाडीला नाकासमोर सरळ जायचं असतं, फळी तिला सारखी आत ढकलते, म्हणून ती गोल फिरते. फळी निसटली तर आपण थेट मैदानाबाहेर. हे लिही, पोरांना कळेल.

वेगाचंही लिही. जितका वेग जास्त, तितकी फळी जोरात ढकलते आणि चाक घट्ट धरतं. रस्त्यावरचा माणूस घाबरला की हळू जातो आणि वाचतो. आमच्याकडे हळू गेला की पडतो.

थांब, मिस्त्रीकाका हाक मारतायत.

आले. नट सापडत नव्हता, त्यांच्याच खिशात होता. तर धडा बाबांनाही वाचून दाखवला. तुझं नाव ते अजून घेत नाहीत, 'तो' म्हणतात. "फळी ढकलते हे त्याला आत्ता कळलं? मग इतकी वर्षं कॉलेजात काय केलं?" एवढं बोलून चहा संपवला. मग म्हणाले, "ते केंद्र शोधण्याचं परत वाच." परत वाचलं. मग आणखी एकदा वाचायला लावलं.

मला आज एका जागी बसवत नाहीये. दोन ओळी लिहिते आणि उठून विहिरीला चक्कर मारून येते. आता सरळच सांगते.

मागच्या मैदानावर शेवटच्या खेळात बाबा वरच्या पट्ट्यावरून घसरले. खांदा सोलवटला, गाडीचं हँडल वाकलं. वर कठड्याशी उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो खेळच वाटला. बाबा म्हणाले, फळ्यांवर तेल सांडलं होतं, आणि मिस्त्रीकाकांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. काकांनी सगळी विहीर पुसून काढली आणि फडकं माझ्यापुढे धरलं. "तेल असतं तर याला लागलं असतं ना गं?" फडकं कोरडं होतं.

मला फडक्याची गरजच नव्हती. मी खालच्या पट्ट्यावर होते, त्यांच्या इंजिनाचा आवाज उतरलेला मी ऐकला. बाबांनी ॲक्सिलरेटरवरचा हात आखडला. त्यांना चक्कर येते रे. सकाळी उठताना खाटेची कड धरून बसतात, विचारलं तर म्हणतात, चप्पल शोधतोय. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येतात. भिंतीवर चक्कर आली की ते सावध होतात, आणि सावध झाले की हळू होतात. ज्या एका चुकीसाठी आपल्या दोघांना जन्मभर ओरडले, तीच ते करतायत, आणि तेलावर ढकलतायत.

हे फोनवर सांगता येत नाही. ते शेजारीच असतात, आणि तू "बरं, बघतो" म्हणून मोकळा होशील. सामानाच्या ट्रकचा ड्रायव्हर उद्या तुझ्याकडे निघालाय, त्याच्या हाती हे देते.

शनिवारच्या आत ये. तू कॉलेजला निघालास तेव्हा ते म्हणाले होते, "पुन्हा या विहिरीत पाय ठेवू नकोस." तू इतका आज्ञाधारक कधीपासून झालास? मी बोलले तर त्यांना वाटतं, पोरीला सगळा खेळ एकटीला हवाय. काका बोलले तर ऐकूनच घेत नाहीत. तू बोललास तर भांडतील. भांडू दे. भांडायला तरी खाली उतरावं लागतं. खेळ मी एकटी ओढेन. ते तिकिटाच्या खिडकीत बसून गिऱ्हाइकांवर खेकसले तरी चालेल मला.

तू आला नाहीस तर ते वर चढणार, हे तुलाही माहीत आहे. खेळ दोन गाड्यांचा आहे, एक वर, एक खाली. खालची गाडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असं मी ठरवलंय. ते घसरले तर माझ्यावरच येतील, आणि मी बाजूला होणार नाही. मला भीती वाटते. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

शनिवारच्या खेळापर्यंत नक्की तुझी,
ताई