हललेल्या ओळी आणि आईचं शिलाई मशीन

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून (पण एक डोळा वर ठेवून) नमस्कार. तुझी पाठ, दाजींचा गुडघा आणि भाच्याचा खोकला बरा असेल असं धरून चालतो. तू ‘सगळं छान’ म्हणून कळवतेसच, पण तुझं ‘छान’ मला नेहमी जरा जास्तच गुळगुळीत वाटतं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. बायकोच्या मते ती ठीक आहे आणि मी नाही. आई चार दिवसांसाठी म्हणून तुझ्याकडे गेली आणि आता दुसरा महिना लागला, याबद्दल मी या पत्रात चकार शब्द काढणार नाही.

परवा तू फोनवर विचारलंस की ऑफिसात तुझं नेमकं चाललंय तरी काय, आणि मी तोंड उघडायच्या आत कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवलास. (मला शिट्टी ऐकू आली नाही.) म्हणून सविस्तर लिहितो. आमचं सॉफ्टवेअर एकाच प्रोग्रॅमची जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून फरक दाखवतं. काढलेली ओळ लाल, नवी ओळ हिरवी. इथवर कुणालाही कळेल. पण एखादी ओळ कुणी वरून उचलून खाली नेऊन ठेवली, तर ती वर लाल दिसते आणि खाली हिरवी. म्हणजे वर मेली, खाली जन्मली, आणि तपासणारा बिचारा दोन्हीकडे डोकं खुपसून बसतो. तर अशा नुसत्या हललेल्या ओळींना तिसरा रंग द्यायचा आणि तो मी ठरवायचा, असं साहेबांनी सांगितलं. इतकं सोपं काम माझ्याच वाट्याला का आलं, याचा संशय मला तेव्हाच यायला हवा होता.

पिवळा दिला तर लोक धोक्याची सूचना समजून घाबरले. निळा दिला तर लिंक समजून त्यावर क्लिक करत बसले. जांभळा मात्र साहेबांना फार आवडला. (त्यांना लाल आणि हिरवा एकसारखाच दिसतो, हे त्या दिवशी उघड झालं. मग इतकी वर्षं ते कशाच्या जोरावर मंजुऱ्या देत होते, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.) मोठ्या ऐटीत सगळ्यांसमोर दाखवायला घेतलं, तर अख्खा स्क्रीन जांभळा! झालं असं, की प्रोग्रॅममधला एकेक तुकडा संपला की नुसता एक कंस असलेली ओळ येते. असे शेकडो कंस, सगळे एका माळेचे मणी. एकीकडचा कंस कुणी पुसला की माझा प्रोग्रॅम दुसरीकडच्या कुठल्याही नव्या कंसाची कॉलर धरून म्हणे, हाच तो, तिकडून पळून आलाय. माणसं पोट धरधरून हसली. शेवटी फार तोकड्या ओळी मोजायच्याच नाहीत असा नियम केला. पण एखादा कंस खरंच पळून आला असेल तर, याची तिथे कुणाला फिकीर नाही.

खरं भांडण पुढेच आहे. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही पाठीमागे ‘मधाचं बोट’ म्हणतो. ते म्हणाले, हललेल्या ओळीत नवीन काही नसतं, मग तिला जांभळा कशाला, फिकट राखाडी द्या म्हणजे डोळ्यांना त्रास नाही. शिवाय हलताना एखादं चिन्ह इकडचं तिकडे होतंच, तेवढा फरक माफ करा. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या आणि दोन्ही लागूही झालं. अगं, ज्याला लबाडी करायची आहे तो हीच जागा नाही का निवडणार? बऱ्याच ओळी एकदम उचलायच्या, वाटेत एकीला हळूच चिमटा काढायचा, आणि वर साळसूदपणे सांगायचं की काही नाही, फक्त जागा बदलली! मी हे बोललो तर आमच्याकडे रंगांचं सगळं बघणारी एक बाई आहे, ती म्हणाली की तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.

मग मी सापळा लावला. आमच्याच प्रोग्रॅममधला एक मोठा तुकडा उचलून दुसरीकडे ठेवला आणि त्यातलं ‘नाही’ अशा अर्थाचं एकुलतं एक चिन्ह काढून टाकलं. तपासायला दिला मधाच्या बोटाकडे. त्याला सगळं राखाडी दिसलं, त्याने ‘उत्तम!’ लिहून पास केलं. मी मनात मांडे खात घरी गेलो, की सोमवारच्या मीटिंगमध्ये याला उघडा पाडतो. पास झालेलं काम आपोआप गिऱ्हाइकांपर्यंत जातं, हे मात्र मी विसरलो. आणि मी चिन्ह काढलं होतं ते नेमकं ओळ बदलली की नाही हे ठरवणाऱ्या जागेवरचं. त्यामुळे जगात कुणी काहीही बदललं तरी आमचं सॉफ्टवेअर शांतपणे सांगू लागलं की काहीच बदललेलं नाही. दोन गिऱ्हाइकांनी तर आभाराची पत्रं पाठवली.

निकाल असा, की जांभळा मंजूर झाला, चिन्हाची माफी रद्द झाली, आणि पुरावा म्हणून माझाच उपद्व्याप भिंतीवर मोठा करून दाखवला गेला. माझं टेबल खिडकीजवळून उचलून प्रिंटरच्या खोलीत नेलं. साहेब म्हणाले, तुला काढलेलं नाही, फक्त हलवलंय. मधाच्या बोटाने स्वतः माझी खुर्ची वाहून आणली. (तेव्हापासून तिचा एक स्क्रू सापडत नाही.)

बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार, भाच्याला पाठीत एक धपाटा.

तुझा,
धाकटा

ता. क. – आईचं शिलाई मशीन न्यायला तू पाठवलेला माणूस आला होता. ताई, आधी शाल गेली, मग उशाजवळचं घड्याळ, आणि आता मशीन? चार दिवसांच्या पाहुणीला मशीन लागतं? तू म्हणतेस आई कुठे गेली नाही, फक्त त्या घरातून या घरात आली आहे. हे वाक्य तू कुणाला सांगतेयस, याचा जरा विचार कर. मशीन दिलं, पण त्याचा पट्टा काढून ठेवलाय.

ता. क. २ – आई परत कधी येणार, ते तिलाच विचारून कळव. उत्तर तिचंच हवं, तुझ्या शब्दांत नको. तिची खोली मी जशीच्या तशी ठेवली आहे. बायको म्हणते, निदान धूळ तरी झटकू द्या.

ता. क. ३ – चष्मा लावूनही आईला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणजे हे पत्र तूच तिला वाचून दाखवणार. तर इथून पुढचं तिच्यासाठी. आई, पट्टा सोबत पाठवतोय. जुना झिजून तुटायला आला होता, म्हणून नवा घेतला. आता मशीन हलकं चालेल, तुझे पाय दुखणार नाहीत. तिकडे राहायचं असलं तर तिकडे शिव, मी काही म्हणणार नाही. पण मला तुझ्याशिवाय घरात करमत नाही. (ताई, हे शेवटचं वाक्य वाचलंस का? खरं सांग.)