आईकडे जायचा विसा

४ फेब्रु., हॅनोव्हर
लाल जर्मन पासपोर्टची खरी किंमत: एक अख्खी भाषा, पुढचे सगळे केस, आणि नागरिकत्वाच्या ऑफिसातल्या बाईंसमोर मान हलवून असंख्य वेळा म्हटलेलं ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’. फी वेगळी. पण वसूल. परवा इस्तंबूलला मी बाहेर येऊन कॉफी संपवली, तरी सौ. तिचा निळा भारतीय पासपोर्ट घेऊन रांगेतच. म्हटलं, "पासपोर्ट असावा तर असा! जगात कुठलंही दार उघडतं." सौ. गप्प. गप्प असते तेव्हा ती नोंद ठेवत असते.

७ फेब्रु.
साताऱ्याहून धाकट्या बहिणीचा फोन. आईला ऐंशी पूर्ण. सहस्रचंद्रदर्शन मार्चच्या पहिल्या आठवड्यात. आईचं एकच म्हणणं: थोरल्यानं जोडीनं पाटावर बसायचं. तिकिटं काढली. तयारीला सौ. पुढे, मी मेस्सेचं, म्हणजे इथल्या व्यापारी प्रदर्शनाचं, काम उरकून मागून.

९ फेब्रु.
माझाही जुना निळा देवघरात आहे, मुदत शिल्लक. इथून निघताना लाल, मुंबईत उतरताना निळा. प्रदर्शनात स्टॉल उभे करून मोठा झालेला माणूस मी. पुढची बाजू एक, मागची दुसरी, हे आमचं रोजचंच.
मीराला फोनवर सांगितलं. लेकीला मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. "पापा, दास गेट निष्ट." चालणार नाही म्हणे. कालची पोर.

१० फेब्रु.
जोशी जेवायला. तेही जर्मन झालेले. "अहो शिंदे, लाल हातात पडला त्या दिवशी निळा मेला. तिथं दाखवलात तर दंड, वर चौकशी."
"मग तुम्ही काय केलंत?"
"विसा काढला."
"कुठला?"
"भारताचा!"
सौ. आत इतकी हसली की पोळी करपली.

१९ फेब्रु.
वकिलातीकडे पाठवलेला निळा रद्द होऊन टपालानं परत. कोपरा कापलेला. पुन्हा देवघरात ठेवला. सौ.: "अहो, हार आणू का?"
परदेशी झालेल्या भारतीयांना कायमचं येण्याजाण्यासाठी मिळतं त्या ओसीआय कार्डाला वेळ लागणार. म्हणजे विसाच.

२० फेब्रु.
ऑनलाइन अर्ज. येण्याचं कारण: पर्यटन, धंदा, उपचार... ‘आई’ कुठंच नाही. पर्यटन निवडलं. यापूर्वी भारतात आला होतात का? (!!) कुठे राहिलात? आईचा पत्ता. तिथलं ओळखीचं कोण? आई.
तिला फोन केला. "कुणी विचारलं तर मला ओळखतेस म्हणून सांग."
"सांगीन हो. पण येतोयस ना नक्की?"
येतोय म्हटलं.

२६ फेब्रु.
विसा अजून ‘विचाराधीन’. दर तासाला बघतो. बहिणीचा फोन: "दादा, गुरुजी म्हणतात, तू नाही पोचलास तर वहिनीशेजारी पाटावर सुपारी ठेवू."
"माझ्या जागी सुपारी? तिला नाही लागत विसा?"
"ती इथलीच आहे, दादा."
हसलो. मग पुन्हा अर्जाचं पान उघडलं.

१ मार्च
सौ. काल मुंबईत उतरली. निळा पुढे केला, शिक्का बसला, "चला ताई." तिला कुणी काही विचारलं नाही.
माझी बॅग भरून दारात आहे. विमान उद्या सकाळी. विसा आलेला नाही.