तुझ्या नियमामुळे मला कुणी टोकलं नाही

प्रिय दिगंबर,

आज लिहायला बसलो, कारण मी घाबरलोय. आणि असलं काही सांगायचं तर ते तुलाच, ही सवय तू गेल्यावरही सुटत नाही.

परवा शनिवारी आपलं पुस्तक-मंडळ जेवायला जमलं. तेच जिंतूर रोडवरचं हॉटेल, तोच कोपरा. आता आम्ही चौघेच. पाळी माझी होती. तुझा नियम तर पक्का : ज्याची पाळी, त्यानं वाचलेलं पुस्तक सांगायचं, त्याचं होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही, भाकरीही मोडायची नाही. काय रंगलो होतो मी! शेवभाजी पार गार झाली, तरी सगळे ताटात बघत गप्प. मला वाटलं, ऐकण्यात गुंगलेत.

हात धुताना शेख गुरुजी हळूच म्हणाले, "वसंतराव, मागच्या पाळीला बी तुमी हेच पुस्तक सांगितलं होतं."

मी हसलो. "मग टोकलं का न्हाई?"

"कसं टोकणार? दिगंबररावांचा नियम हाय."

दिगू, मला काहीच आठवत नव्हतं! अजूनही आठवत नाही. विनोदसुद्धा म्हणे तेच केले.

माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं ना? शेवटी घरातून हरवले ते पिंगळी स्टेशनवर सापडले, शोधताना तूच होतास सोबत. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी कुणाचे म्हणायचे?" उद्या मी माझ्या लेकीला असं विचारलं तर? लय भीती वाटते रे.

आणि एक सांग. माझी पाळी आली की आदल्या दिवशी तुझा फोन यायचा. "काय सांगायलास उद्या?" दोनदा तरी म्हणालास, "ते नको, दुसरं घे." मी चिडायचो, म्हणायचो, हा कोण मला शिकवणारा! तुला तेव्हाच कळलं होतं का? मग बोलला का नाहीस? इतकं सांभाळून घेतलंस आणि मध्येच निघून गेलास, हे काही बरं केलं नाहीस.

तुझ्या वहिनीला, सुनंदाला अजून सांगितलेलं नाही. ती नुसतं "चहा घेता का" विचारायला आली तरी मी आठवत बसतो. मघाशी घेतला होता की नव्हता?

पण तुला शब्द देतो. आज संध्याकाळी तिला सांगेन, तिला घेऊन दवाखान्यात जाईन. पुढच्या बैठकीत तुझा नियम मोडायला लावेन. चुकलो की टोका म्हणेन, तोंडात घास असला तरी टोका. फक्त एखाद्या शनिवारी मी तुझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली, तर तेवढं मात्र कुणी टोकू नये.

तुझाच,
वसंता