आत्याचं बोट

५ जाने., सोम.
अँड्रॉइड ७ वाल्या जुन्या फोनले आज रामराम केला. आमचं अ‍ॅप सांगते, सिकलसेलच्या गोळ्या कोणत्या दवाखान्यात कधी येणार. तेवढे जुने फोन उरले नऊ. सर म्हणे, "नऊ जणांसाठी सगळं दोनदा तपासशील?" पटलं. आता जुनं अ‍ॅप उघडलं की एकच पाटी: 'अपडेट करा'. सुटली बाप्पा.

८, गुरु.
सर्व्हरवर दिसलं, एका जुन्या फोनवरून कोणीतरी 'अपडेट करा' एकेचाळीस वेळा दाबलं. मंग अपडेट काहून नाही झालं? कोड तीनदा पाहिला. चूकच दिसून नाही राहिली.

१०, शनि.
रामटेकहून कुसुमआत्याचा फोन. गोळ्या संपल्या, सांधे ठणकून राहिले, दवाखान्यातून दोनदा रिकाम्या हातानं परत. अ‍ॅपनं नाही सांगितलं? "मलेच दाबता येत नसन वं. बोट जाड झालं माझं."
एकेचाळीस... आत्या?

११, रवि. रामटेक
आत्याच. 'अपडेट करा' दाबलं की स्टोअर उघडते. तिथं या फोनसाठी अपडेटच नाही, फक्त 'उघडा'. उघडलं की पुन्हा माझीच पाटी! घाण्याचा बैल केला मी तिचा. अन् ते बोट पदराले पुसून पुसून दाबून राहिली.
शेजारच्या बाया विचारून गेल्या, "झालं का चालू?" पाच घरं आत्याच्या एका फोनवर. मंग नऊ फोन म्हणजे किती माणसं? डोकं चालत नाही.
चूक माझी, हे सांगायलेच गेली होती. चहा पिऊन परत आली. लाज वाटते.

१२, सोम.
सर म्हणे, "आत्याला नवा फोन घेऊन दे ना." तिले देईन. बाकीचे आठ कोण, कुठं, काय माहीत! "अन् जुन्या फोनमधून पेशंटची नावं फुटली तर? तू जबाबदार?" ते बी खरं.
सर जेवायले गेले तशी सर्व्हरवरून पाटी काढली. न विचारता. बराबर केलं? समजत नाही.

१३, मंगळ.
सकाळीच आत्या: "चाललं वं! गुरुवारी गोळ्या येऊन राहिल्या. दोन दिवस बोटाले तेल चोळलं, त्यानंच झालं."
"हो आत्या," म्हटलं.
अकराले सरांचा मेसेज: पाटी कोणी काढली?
दोघांनाही खरं सांगायचं आहे. पहिले कोणाले?