रोवन कॉटेजचा टीव्ही

कीथली,
४ फेब्रुवारी १९८५

चि. आयव्हीस,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी गुडघेदुखी आणि माझा राग दोन्ही सध्या चढेच आहेत असं धरून पुढे वाच.

टीव्ही परवान्याच्या कचेरीतून मला पत्र आलंय. म्हणे, तुम्ही टीव्ही घेतल्याचं दुकानाने कळवलंय, परवाना मात्र कुठे दिसत नाही, तेव्हा खुलासा करा नाहीतर कोर्टात उभं राहा. मी! जिने उभा जन्म रेडिओवर काढला! दर हिवाळ्यात मी चॅपलमधल्या बायकांना बजावत आलेय की त्या खोक्यासमोर बसून डोक्याचं भुसकट होतं. आता माझं नाव पेपरात आलं तर त्याच बायका मला चहाबरोबर चावून खातील. टीव्ही घेणाऱ्याला दुकानात नाव-पत्ता द्यावा लागतो आणि दुकानदार तो कचेरीला कळवतो, इतपत मलाही ठाऊक आहे. पण तिथे माझं नाव कुणी दिलं?

नोरीनचं काही कळलं का गं? आपल्या पोरीला, डॉनाला, घेऊन ती घरातून गेली ती नाताळाच्या आधी. ‘शोधू नका’ एवढीच चिठ्ठी तुझ्या लेकीला पुरेशी वाटली. जावई तुझा दर रविवारी जेवणाच्या वेळेला इथे हजर. बायको कुठे दडवलीय म्हणून विचारतो आणि बोलता बोलता माझं टपाल चाळतो. नोरीनच्या दंडावरचे वळ मी पाहिलेत, त्यामुळे क्लाइव्हला चहा देताना माझा हात जड होतो. माझी पत्रं वाचून झाली की शेगडीत घाल. मीही तुझी घालते.

लोभ आहेच, त्याला परवाना लागत नाही.

तुझी,
बीटी

---

ब्रिडलिंग्टन,
९ फेब्रुवारी

ती. बीटीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून किती दिवसांनी हसले म्हणून सांगू! शेवटी घेतलास ना? कबूल कर बाई. पडदे ओढून मालिका बघत असशील, आणि कुणी दार वाजवलं की वर विणकाम टाकून झाकत असशील. मला टीव्हीवरून इतकी वर्षं बोलणी खायला लावलीस, त्याची फेड देवाने बरोबर केली. गंमत सोड, पण लगेच लिहून कळव त्यांना. सरकारी माणसं एकदा मागे लागली की गोचिडासारखी चिकटतात.

नोरीनचं काहीही कळलेलं नाही. दिवसा मी बरी असते. पण पेपरात कुठे अनोळखी बाई सापडल्याची बातमी आली की वय वाचेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. पोलीस म्हणतात, मोठी बाई आपल्या पायांनी गेली, आम्ही काय करणार. काल बाजारात डॉनासारखा लाल कोट दिसला म्हणून मी धावत गेले. भलतीच मुलगी निघाली, आणि तिच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी चोरच. बीटी, ती आहे एवढं जरी कुणी सांगितलं ना, तरी बाकी काही मागणार नाही मी.

राग कमी कर, लोभ तेवढाच ठेव.

तुझी,
आयव्ही

---

कीथली,
२१ फेब्रुवारी

चि. आयव्हीस,

अ. आ. उभी असलीस तर आधी बस. नोरीन जिवंत आहे.

आता क्रमाने सांगते. मंगळवारी परवान्याचा माणूस दारात आला. ऑर्मरॉड नाव, किडकिडीत, सर्दीने बेजार. मी त्याला सगळं घर दाखवलं, अगदी कोळशाची खोलीसुद्धा, आणि विचारलं की माझ्या नावाने टीव्ही नेला तरी कुणी. तर म्हणतो, गिऱ्हाइकाची माहिती खासगी असते, सांगता येत नाही. मी म्हटलं, वा रे वा! नाव माझं, पत्ता माझा, आणि खासगी मात्र दुसऱ्याचं? बिचारा गोरामोरा झाला. नाक पुसत त्याने दुकानाकडून आलेला कागद माझ्यापुढे धरला.

त्यावर लिहिलं होतं: बीटी सग्डन, रोवन कॉटेज, १४ थॉर्नहिल टेरेस. बीट्रिस नाही, बीटी. आणि रोवन कॉटेज! दारावरची ती पाटी वादळात पडून तीस वर्षं होत आली. पोस्टमनला ते नाव माहीत नाही, शेजाऱ्यांना नाही. आपल्या घराबाहेर कुणालाच नाही. दुकान कुठलं, तर थेट दूरच्या कार्लाइल गावचं. मी तो कागद दोनदा वाचला आणि खुर्ची ओढून बसले. ऑर्मरॉडला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून.

अगं, जी बाई टीव्ही घेते तिच्या डोक्यावर छप्पर असतं, घरात वीज असते, संध्याकाळी पोरीला घेऊन बसायला जागा असते. दुःखात बुडालेली बाई टीव्ही घेत नाही.

पण पुढची पंचाईत ऐक. हा टीव्ही माझा नाही असं लिहून दिलं, तर ते त्या दुकानात चौकशी करणार. खोटा पत्ता देणं हा गुन्हा आहे. नोरीनला शोधणार, कोर्टात नेणार, नाव पेपरात छापणार, आणि पेपर क्लाइव्हही वाचतो. म्हणून मी सही केली नाही. विचार करून कळवते म्हटलं, टोपी घातली आणि तडक पोस्टात जाऊन माझ्याच नावाने परवाना मागितला, म्हणजे चौकशी इथेच थांबेल. काउंटरवरच्या मिसेस टॅटरसॉलने तोंडावर हातच ठेवला. रंगीत की काळा-पांढरा, म्हणून विचारलं तिने. काळा-पांढरा म्हटलं. नसलेल्या टीव्हीला रंग कशाला?

तुझी,
बीटी

---

ब्रिडलिंग्टन,
२४ फेब्रुवारी

ती. बीटीस,

सा. न. तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं आणि तिथेच मोठ्याने रडले. वरच्या मजल्यावरच्या बाईला वाटलं कुणी गेलं. मी तिला म्हटलं, नाही हो, कुणी तरी आहे! मग तिलाही रडू आलं. कशाबद्दल ते तिला माहीत नाही.

नोरीनने तोच पत्ता का दिला, ते तुझ्या लक्षात आलं का? मोरकॅमच्या समुद्रकिनारी वाळूत ती हरवली होती बघ, पाच वर्षांची असताना. पोरांना गाढवावरून फिरवणारा माणूस तिला हाताला धरून घेऊन आला. त्यानंतर तू तिला पाठच करायला लावलंस. आईस्क्रीम हातात पडायच्या आधी म्हणून दाखवायचं: ‘मी बीटी सग्डनची, रोवन कॉटेज, १४ थॉर्नहिल टेरेस, कीथली.’ तेव्हा मला तुझा राग आला होता. पोर माझी आणि पत्ता तुझा? तू म्हणालीस, आयव्ही, तुझ्या नवऱ्याची रेल्वे दर वर्षी तुला नव्या गावाला टाकते, पोरीने कुठला म्हणून पाठ करायचा? बरोबर होतं तुझं. मीच तेव्हा महिनाभर फुगून बसले.

मी उद्याच कार्लाइलला निघते. टीव्हीची दुकानं असून असून किती असणार?

तुझी,
आयव्ही

---

कीथली,
१८ मार्च

चि. आयव्हीस,

अ. आ. तू गेली नाहीस, फोनवर माझं ऐकलंस, हे उपकारच समज. त्या दुकानात तू रडत उभी राहिली असतीस, आणि सगळ्या गावाला कळलं असतं. दुकानात दिलेला पत्ता नेहमी योग्य माणसाच्याच हाती पडतो असं नाही. म्हणूनच तिने आपला खरा पत्ता दिला नसणार.

काल काय झालं ते ऐक. क्लाइव्ह नेहमीसारखा आला आणि नेमका त्याला शेल्फवरचा परवाना दिसला. टीव्ही कुठाय म्हणाला. मी म्हटलं, तुला पुडिंग आणखी वाढू का? बाई, खोटं मी बोलले नाही, पण माझ्या जिभेला इतकी कसरत कधी पडली नव्हती. तेवढ्यात दार वाजलं. ऑर्मरॉड! रविवारी! म्हणाला, इथल्याच बहिणीकडे जेवायला आलो होतो, तुमच्या विचाराचं काय झालं ते जाता जाता बघावं म्हटलं. क्लाइव्हचे कान लगेच टवकारले. कुठल्या दुकानातून घेतला हिने टीव्ही, असं त्याने ऑर्मरॉडला थेट विचारलं, आणि खुर्ची मागे सारून उभाच राहिला. तो असा उभा राहिला म्हणजे काय होतं ते नोरीनने मला सांगितलंय.

ऑर्मरॉडने माझा परवाना हातात घेतला. टीव्ही नसलेल्या त्या खोलीवरून नजर फिरवली. टेबलाच्या कडेवरची क्लाइव्हची मूठ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्याला किती कळलं ते मला आजही सांगता येणार नाही. तो क्लाइव्हला म्हणाला, साहेब, गिऱ्हाइकाची माहिती खासगी असते, ती कुणालाच सांगत नसतात. आणि मला म्हणाला, मॅडम, सगळं ठीक आहे, आमच्या बाजूने हा विषय संपला. क्लाइव्ह गेल्याशिवाय तो दारातून हलला नाही. मग मी त्याला आल्याच्या केकचा मोठा तुकडा बांधून दिला आणि दार लावून अर्धा तास तिथेच पायपुसण्यावर बसले.

आता वाट बघायची. पत्ता तिला पाठ आहे.

तुझी,
बीटी

ता. क. चॅपलमध्ये बातमी फुटलीय. मिसेस टॅटरसॉल आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन बुधवारची मालिका बघायला यायचं म्हणते. मी काय दाखवू त्यांना? शेगडी?

---

कार्लाइल,
२० मे

ती. बीटीमावशीस,

नोरीनचा सा. न. वि. वि. अक्षर बघून तू चष्मा पुसशील हे मला माहीत आहे. मी बरी आहे. डॉना बरी आहे, शाळेत जाते, तिचे पुढचे दोन दात पडलेत. हे पत्र आईला दे, किंवा तूच वाचून दाखव, म्हणजे ती रडताना शेजारी कुणीतरी असेल.

आता लपून राहायचं कारण उरलेलं नाही. इथल्या बायकांच्या संस्थेने वकील दिली आणि मागच्या आठवड्यात कोर्टाचा हुकूम झाला. क्लाइव्हने आमच्या आसपास फिरकायचं नाही. फिरकला तर पोलीस त्याला उचलतील. इतके महिने मी दाराला खुर्ची लावून झोपत होते. परवा ती खुर्ची जेवणाच्या टेबलाला लावली.

मावशी, एका गोष्टीची माफी मागायचीय. जानेवारीत मी जुना टीव्ही घेतला, कारण संध्याकाळी डॉना फार गप्प बसायची. काउंटरवरच्या माणसाने मोठ्याने नाव-पत्ता विचारला. मागे रांग, आणि रांगेत क्लाइव्हसारख्याच जाकिटातला एक माणूस. मला खोटं बोलायचं नव्हतं गं. माझं डोकंच बंद झालं, आणि तोंडातून जे पाठ होतं ते निघालं. आईस्क्रीमची वाट बघत म्हणायची ना, तसंच, एका दमात. बाहेर आल्यावर कळलं काय केलं ते. कागद बदलायला परत गेले तर तो कचेरीला रवाना झाला होता. तुला काही त्रास तर नाही ना झाला? गेल्या शनिवारी वकीलबाईंना बरोबर घेऊन मी सगळं खरं सांगितलं आणि पोस्टातून परवाना घेतला. माझ्या नावावर, माझ्या पत्त्यावर. एकेक अक्षर सावकाश लिहिलं.

पुढच्या महिन्यात तुम्ही दोघी या. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या पत्त्यावर या, तो खरा आहे. डॉनाकडून मी तो पाठ करून घेतलाय. पण तिला दोन पत्ते येतात. एक राहायचा, आणि एक हरवल्यावर सांगायचा. दुसरा कोणता, ते तुला सांगायला नको.

तुझी,
नोरीन