मे महिन्यातली दफनं आणि माझा अर्ज

उत्तर मिशिगन,
मार्च संपत आला, बर्फ नाही.

प्रिय लेम्पी आत्या,

आधी तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार, कारण डावा जास्त मानी आहे असं तूच कळवलं होतंस. फ्लोरिडाचं ऊन त्याला मानवत असेल अशी आशा आहे. इकडे बाबा बरे आहेत. हृदयाच्या गोळ्या घेतात, शनिवारी वाफ घ्यायला सौनाची खोली तापवतात (डॉक्टरीणबाईंनी मनाई केलीय, बाबा म्हणतात, त्या आपल्या फिनिश लोकांतल्या नाहीत, त्यांना काय कळणार), आणि आपलं अंत्यविधीचं काम, फ्युनरल होम, नेहमीच्या गांभीर्याने चाललं आहे.

आता माझं. डॉक्टर व्हायचं माझ्या डोक्यात शिरलंय हे तुला ठाऊक आहे, आणि छत्तिसाव्या वर्षी शिरलेलं असलं काही पडशासारखं आपोआप जात नाही. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन रसायनशास्त्र झालं, प्रवेश परीक्षा झाली, गुणही चांगले पडले. अडलंय ते एवढ्यावरच, की अर्ज कधी करायचा. मेडिकल कॉलेजांचे अर्ज मे महिन्यात उघडतात, जून लागताच पाठवायचे असतात, आणि जागा येतील त्या अर्जांतून भरत जातात. उशीर करणारा पंगत उठल्यावर पोचतो. आणि आपला मे-जून कसा असतो ते तुला मी काय सांगू! हिवाळाभर जमीन दगडासारखी, त्यामुळे तेव्हा गेलेली सगळी माणसं दफनभूमीच्या शवगृहात थांबलेली. जमीन मऊ झाली की सगळ्यांची दफनं एकदमच. घरचे लोक पुन्हा येतात, पुन्हा रडतात, पुन्हा सगळ्यांना कॉफी लागते. मी मोकळी होईपर्यंत जुलै सरतो. गेल्या वर्षी हेच झालं, त्याच्या आदल्या वर्षीही.

अर्जाला आणखी एक गोष्ट लागते. डॉक्टरांच्या मागे उभं राहून त्यांचं काम पाहिल्याचा अनुभव. आपल्या बर्जरॉन डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. नीटनेटकं दिसावं म्हणून मी काळा सूट घालून गेले (दुसरा आहे कुठे?) आणि सवयीने भिंतीशी हातावर हात ठेवून, मान जराशी झुकवून उभी राहिले. पहिलाच पेशंट उर्हो कांगास, साध्या खोकल्यासाठी आलेला. त्याने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि मटकन खुर्चीत बसला. "अहो बाई, निदान तपासून तरी घ्यायचं," तो म्हणाला, "लगेच हिला कशाला बोलावलंत?" बाई समजावू लागल्या. त्याचा काही विश्वास बसेना. मला वाईट वाटलं, म्हणून मी जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या त्या ठेवणीतल्या खालच्या आवाजात म्हणाले, काळजी करू नका, आम्ही आहोत. त्यानंतर त्याचं ब्लडप्रेशर कितीदा घेतलं तरी खाली येईना. घरी जाताना तो भावाकडे थांबला आणि एका होडीवरून वर्षानुवर्षं चाललेलं भांडण मिटवून आला. आता दोघे मासे धरायला जातात. खोकला तसाच आहे. बाईंनी मला पुढच्या वेळी गुलाबी स्वेटर घालायला सांगितलंय.

हस, पण पुढचंही वाच. जानेवारीत सैमी ओयाला हिला आपल्याकडे आणलं, माझ्याहूनही लहान. पोटात दुखायचं, पण दवाखाना लांब, रस्त्यावर बर्फ, पोरांची शाळा, म्हणून ती बघू बघू करत राहिली. मी तिचे केस विंचरले, तिच्या नवऱ्याला कुठला ड्रेस हवा ते विचारलं, आणि मागच्या खोलीत जाऊन खूप रडले. आपण नेहमी नंतर पोचतो, आत्या. इस्त्रीचे कपडे घालून, अगदी वेळेवर, पण नंतर. मला एकदा तरी आधी पोचायचंय.

तरी विचारांती ठरवलंय, अर्ज पुढच्या वर्षी. बाबांना एकट्याने पेटी उचलवत नाही, आणि ते कुणाला मदतीला ठेवू देत नाहीत. त्यांनी चार पिढ्यांचं हे काम माझ्या भरवशावर चालू ठेवलंय. त्यांना सोडून जायचं तोंडाने म्हणायलाही मला जमत नाही. तेव्हा पुढच्या वर्षी. तू काळजी करू नकोस.

तुझी,
इर्या

ता. क. ठरवलंय असं वर लिहिलं, ते खोटं आहे. मला यंदाच जायचंय.

ता. क. २: तू मे महिन्यात येशील का? तुझ्याइतकं हे काम कुणाला येत नाही, आणि तुला बाबा नाही म्हणू शकत नाहीत. मी बोलावलं असं मात्र सांगू नकोस. उन्हाचा कंटाळा आला म्हण.

ता. क. ३: लेम्पी, हे मी, रेइनो, लिहितोय. पोरीने पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं. बंद करण्याआधी वाचलं. उन्हाचा कंटाळा हे कारण बरं आहे, मलाही तेच सांग, मी नवल वाटल्यासारखं करीन. पण ये नक्की. पेट्या उचलायला मी माणूस ठेवतो. तू ये ती माझ्यासाठी. ती निघेल त्या दिवशी मला तिच्यासमोर हसायचंय, आणि ते मला एकट्याला जमणार नाही.